नसलेल्या हाताची करंगळी

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मायनं अंगारा आणला तर कपाळाला लावून घेतो, पण तो तिच्या समाधानासाठी. इच्छापूरच्या देवीला नवस बोलणाऱ्यांची मी आजवर चेष्टाच केली. या मासिकात येणारे असले अनुभवही हसत हसत वाचले... आणि आज स्वतःच लिहायला बसलोय. डाव्या हातानं. उजवा नाही.

मी बऱ्हाणपूरचा, सिंधीपुऱ्यात राहतो. तेव्हा कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. लग्नाला दोन वर्षं झाली होती. एका सकाळी मशीन चालू असताना कुणाला तरी निरोप द्यायला आत गेलो आणि सदऱ्याची बाही पट्ट्यात सापडली. पुढचं लिहीत नाही. सरकारी दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा हात कोपराच्या वरून कापलेला होता.

पण माझ्या लेखी हात गेलाच नव्हता! दिसत नव्हता, एवढंच. मूठ घट्ट आवळलेली, नखं तळव्यात रुतलेली. इतकी आग व्हायची की मी ओरडायचो. उघडू म्हटलं तर मूठ उघडायची नाही.

यमुना, माझी बायको, रोज ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसून द्यायची. एक दिवस फडकं उजव्या गालावरून फिरलं आणि मी दचकलो.

"काय झालं? दुखलं का हो?"

"नाही. पुन्हा पूस. तिथंच."

गालाच्या हाडाशी तिचं बोट टेकलं की गेलेल्या अंगठ्याला कळायचं. ओठाच्या कोपऱ्याशी टेकलं की करंगळीला. अख्खा पंजा जणू गालावर येऊन बसला होता.

"म्हणजे मी गाल धरला की तुमचा हात धरल्यासारखं होतं?"

"तसंच."

त्या दिवशी ती बराच वेळ माझ्या गालाला हात लावून बसून राहिली. समोर माय बसली होती, तरीसुद्धा.

डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, "मेंदूत सगळ्या अंगाचा नकाशा असतो. हात गेला, पण नकाशातली जागा शिल्लक आहे. त्या जागेशेजारी चेहऱ्याची जागा. आता शेजारचं घर रिकामं पडलं की आपण तिथं आपलं सामान ठेवतो ना? तसं काहीतरी होत असेल. हा माझा अंदाज हां, पुस्तकात मला सापडलेलं नाही."

मला ते पटलं. म्हणजे इथपर्यंत भूतबीत काही नाही, हे ध्यानात घ्या.

पुढं मी पाटीवर डाव्या हातानं अक्षरं गिरवली आणि मोहल्ल्यातल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवायला लागलो. यमुनेला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती माहेरी, जसोंडीला गेली. गाव तसं जवळच, पण बाळंतपणाच्या घरी जावयानं सारखं काय जायचं? मी इथंच राहिलो. गालाला हात लावणारं कुणी नव्हतं. माझा स्वतःचा डावा हात लावून पाहायचो, पण त्यात काही मजा नव्हती.

एका दुपारी मी वर्गात पाढे घेत होतो. मुलं सातचा पाढा म्हणत होती. आणि कुणीतरी माझी करंगळी धरली.

उजवी.

गालाला काही लागलं नव्हतं. वारा नव्हता, माशी नव्हती. एक मऊ, ओलसर, इवलीशी पकड... आणि त्या पकडीत माझी मूठ हळूहळू उघडली. दीड वर्षांत पहिल्यांदा. आग थांबली. मी खुर्चीत बसलो आणि मुलांसमोर रडायला लागलो.

हेडमास्तर धावत आले. "मास्तर, तबियत बरी नाही काय?"

"कुणीतरी माझं बोट धरलंय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या रिकाम्या बाहीकडं पाहिलं आणि मला घरी पाठवलं.

घरी मायलाही सांगितलं. तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या, पण पकड तशीच. मधेच घट्ट व्हायची, मधेच सैल. दिवेलागणीला माय देवापुढं वात लावत होती, तेव्हा ती सुटली. झटक्यानं नाही... झोप लागलेल्या माणसाचा हात सुटतो, तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मेहुणा सुपडू बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. पागोटं हातात धरलेलं.

"दाजी, चला," तो म्हणाला. "पोरगी झाली होती. काल दुपारी झाली, दिवे लागायच्या टायमाले गेली."

यमुना वाचली होती. पण बाळ होताच तिची शुद्ध गेली होती, ती पहाटेपर्यंत आली नाही. तोवर बाळाला पुरून आले होते. तिनं आपली मुलगी पाहिली नाही. एकदाही कुशीत घेतली नाही.

जसोंडीत मी कुणाला काही बोललो नव्हतो. सासूबाईच आपणहून सांगू लागल्या, "लई गुणी होती वं माय. रडली नाही. एक मूठ फक्त आवळून होती, तीबी पुरी नाही, मधी जागा ठेवून. बोट धरल्यावानी. दाईनं आपलं बोट घालून पाहिलं, तं घेईना."

मी उठून गोठ्यामागं गेलो.

परत आल्यावर डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काळजी लागलेली असते, मन खेळ करतं. दिवस भरलेलेच होते." खरंय. पण वेळ? आणि ती मूठ? हेडमास्तर आणि माय, दोघांनाही मी बातमी येण्याआधी सांगितलं होतं.

याला बारा वर्षं झाली. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही. तशी पकडही पुन्हा कधी आली नाही. मी शाळेत, बाजारात गेलो, तापीवर आंघोळीला उतरलो, तरी तो नसलेला हात जरा पुढं करून चालतो. लोकांना दिसत नाही, म्हणून बरं.

यमुनेला हे सांगायला मी वर्ष लावलं. वाटलं, ती चिडेल. नऊ महिने पोटात वाढवलं तिनं, आणि स्पर्श मिळाला मला! ती चिडली नाही. तिनं फक्त आपलं बोट माझ्या डाव्या हातात दिलं.

"दाखवा. कसं धरलं होतं?"

मी धरलं.

"एवढं घट्ट?"

"नाही... थोडं सैल."

"असं?"

"याहून मऊ."

अजूनही अधूनमधून ती येऊन बसते आणि बोट पुढं करते. मी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मला सगळं आठवतं, पण या हाताला ते जमत नाही.