वरून टाकलेली पोळी

"तुमी इथंच बसा," प्रणिताच्या सासूबाई म्हणाल्या आणि पडवीतली प्लास्टिकची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली.

पायानं. हात रिकामेच होते त्यांचे.

महालक्ष्मीच्या जेवणाला आम्ही अमरावतीहून अकोल्याला आलो होतो. आयटीआयचा सगळा स्टाफ, एकाच गाडीत. दारात चपला काढल्या. सासूबाई उंबरठ्यावर उभ्या राहून एकेकाला आडनाव विचारत होत्या. हसून, आपुलकीनं. कुठले तुमी, कोणाचे, बाळापूरकडच्या अमक्याचे तुमी कोण लागता. आडनाव सांगितलं की माणूस आत. माझी पाळी आली. मी आडनाव सांगितलं आणि गावही सांगितलं, चांदूर रेल्वे. गाव त्यांनी ऐकलंच नाही. आडनावावरच त्यांचं हसू थांबलं.

"आत गर्दी हाय," त्या म्हणाल्या.

मी बसले. समोर एक स्टूल आलं. स्टुलावर कागदी पत्रावळ आली. पडवीत माझ्याशिवाय एकच बाई होती, भांडी घासायला बोलावलेली. ती पायरीवर बसली होती. तिच्या मांडीवरही तशीच पत्रावळ. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. तिनं नजर खाली केली. तिला माझी लाज वाटली असावी. माझीच, तिची स्वतःची नाही.

दार सताड उघडं होतं. आतलं सगळं दिसत होतं. दोघी महालक्ष्म्या भरजरी लुगड्यांत उभ्या. वर फुलोरा टांगलेला. समोर दोन पंगती. पाट मांडलेले, स्टीलची ताटं, ताटांभोवती रांगोळी. आमचे प्राचार्य बसले होते. फिटरचे सर बसले होते. क्लार्क मॅडम बसल्या होत्या. ज्या गाडीतून मी आले त्याच गाडीतून ते आले होते. वाटेत मूर्तिजापूरला थांबून आम्ही सगळ्यांनी एकाच टपरीवर चहा घेतला होता. आता त्यांच्यातलं कोणी दाराकडे पाहत नव्हतं. दाराजवळच्या पंगतीत शेवटचा पाट रिकामा होता. ताट मांडलेलं. गर्दी वगैरे काही नव्हती.

तरी मी उठले नाही. मला वाटलं, प्रणिता येईल.

प्रणिता माझी मैत्रीण. ती शिवणकाम शिकवते, मी वायरिंग. आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो. मी खोली करून एकटी राहत होते, अजूनही राहते. ती नवऱ्यासोबत माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे. सासर अकोल्याचं. दर शनिवारी काम सुटलं की आम्ही राजकमल चौकाकडे जायचो. तिथं एका गाडीवर गिला वडा मिळतो. उडदाचा मऊ वडा, वर दही, चिंचेची चटणी, तिखट. आम्ही एकच प्लेट घ्यायचो. दोन चमचे. गर्दी असली आणि चमचे कमी पडले तर एकच चमचा, आळीपाळीनं. तिचा पहिला गर्भ पडला तेव्हा ती त्या गाडीजवळच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. वडेवाल्यानं न मागता पाणी दिलं होतं.

मला शहरात दुसरं कोणी नव्हतं. सण आला की सगळे आपापल्या घरी. मेस बंद. मी सुटी मिळाली तर आईकडे जायची, नाही मिळाली तर हॉटेल शोधायची. दिवाळीत एकट्या बाईला हॉटेलवाला विचारतो, "मॅडम, मागून कोणी येऊन राहिलं का?" नाही म्हटलं की कोपऱ्यातलं टेबल दाखवतो. त्यामुळे शनिवार हाच माझा सण होता.

दोन गल्ल्या पलीकडे राहून मी तिच्या घरात कधी गेले नव्हते. मी फाटकाशी जायची, तीच खाली यायची. "चाल, बाहेरच जाऊ, घरात काय ठेवलं हाय," म्हणायची. मला ते आवडायचं. वाटायचं, हिलाही घर नकोसं होतं, माझ्यासारखं. एकदा आईनं गोवऱ्यांवर रोडगे भाजले, झणझणीत वांग्याची भाजी केली. मी डबा भरून आणला. प्रणिता म्हणाली, आज गुरुवार हाय माझा. पुढच्या खेपेला पित्त झालेलं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला डबा घरी घेऊन गेली. घासून, पुसून परत आणला. भाजी कशी झाली होती ते बोलली नाही. मीही विचारलं नाही. तेव्हा मला काही कळलं नाही असं म्हणणं सोपं आहे. कळत होतं. पण शनिवार गमवायचा नव्हता.

महालक्ष्मीचं आमंत्रण तिनं मला एकटीला दिलं नव्हतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना दिलं, त्यात मी होते. मी आईला फोनवर सांगितलं. आमच्या घरी देव नाही. भिंतीवर एक फोटो आहे, तो कोणाचा हे सांगायला नको. आई म्हणाली, "त्यायच्या देवाचं जेवण तुले कायले पाह्यजे?" मी म्हटलं, देवासाठी नाही जात, प्रणितासाठी जातेय. आई म्हणाली, "जाय. पण भुकी राऊन येऊ नको."

तर मी पडवीत बसले होते आणि प्रणिता आली.

नऊवारी नेसलेली. नाकात नथ. हातात पुरणपोळ्यांची परात. सुंदर दिसत होती. मी तिच्याकडे पाहून हसले. ती हसली नाही. माझ्या स्टुलाजवळ आली, पण एक पाऊल लांबच थांबली. पोळी उचलली आणि वरून टाकली.

पत्रावळीवर पोळी पडली तिचा आवाज आला. फट्. अर्धी पत्रावळीवर, अर्धी स्टुलावर. मग तुपाची धारही तशीच, वरून. आंबील वरून. भाज्या वरून. माझ्या पत्रावळीला तिचा पळा लागू नये म्हणून ती कमरेत ताठ उभी होती. ही तीच बाई, जिनं माझ्या तोंडातला चमचा स्वतःच्या तोंडात घातला होता.

"पोटभर जेव," ती म्हणाली.

मी विचारलं, "आत जागा नाई का?"

तिनं मागं वळून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आत सासूबाईचं सोवळं हाय. एका दिवसाचं तर हाय. समजून घे ना. बाहेर आपण खातोच ना सोबत."

बाहेर आपण खातोच ना सोबत.

त्या एका वाक्यात मला सगळे शनिवार दिसले. आम्ही बाहेर का जायचो ते दिसलं. बाहेर म्हणजे जिथं तिच्या घरचं कोणी बघत नाही. ती गाडी आमच्या मैत्रीची जागा नव्हती. मला लपवायची जागा होती.

मी काही ठरवून उठले नाही. उठले एवढंच. पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली, आंबील सांडू नये म्हणून सांभाळून धरली आणि उंबरठा ओलांडला. पंगतीतल्या रिकाम्या पाटावर जाऊन बसले. समोरचं ताट बाजूला सारलं आणि माझी पत्रावळ तिथं ठेवली.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आधी माझ्या शेजारचे म्हातारे गृहस्थ उठले, प्रणिताचे चुलतसासरे. ताटातच हात धुतले आणि उठले. मग त्यांच्या पलीकडच्या बाई. मग समोरची पंगत. एकेक करून, आवाज न करता, जशी माणसं मयतीतून उठतात. सासूबाई देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

मी आमच्या स्टाफकडे पाहिलं. प्राचार्य म्हणाले, "माझं झालंच होतं." त्यांच्या ताटात अख्खी पोळी होती. फिटरचे सर मोबाईल कानाला लावून बाहेर गेले. मोबाईल वाजला नव्हता. क्लार्क मॅडम सर्वात शेवटी उठल्या. उठताना माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली. ती मान कशासाठी हलली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

खोली रिकामी झाली. अर्धी खाल्लेली ताटं, विस्कटलेली रांगोळी, दोघी महालक्ष्म्या आणि मी. प्रणिता कढीचं पातेलं घेऊन भिंतीला टेकून उभी होती.

मी म्हटलं, "कढी वाढ."

तिनं पातेलं जमिनीवर ठेवलं. स्वयंपाकघरात निघून गेली.

मी उठले. पळी घेतली. स्वतःच्या हातानं कढी वाढून घेतली आणि परत येऊन बसले. जेवले. सगळं जेवले, पोळी, भाज्या, आंबील, भजी, कढी. कढी चांगली झाली होती, खोटं कशाला सांगू. एवढ्या मोठ्या घरात चमच्याचासुद्धा आवाज नव्हता. आयुष्यात मी बरीच जेवणं एकटीनं जेवले आहे, पण त्या दिवशी जशी एकटी होते तशी कधीच नव्हते. आजूबाजूला माणसांची ऊब अजून पाटांवर होती आणि माणूस एकही नाही.

पत्रावळ मी स्वतः उचलली आणि बाहेर आले. पायरीवरची बाई उभी राहिली होती. तिनं माझ्या हातातून पत्रावळ घेतली. तिची पत्रावळ पायरीवर तशीच पडली होती, पण रिकामी.

स्टाफच्या गाडीत बसले नाही. चालत बसस्टँडवर गेले आणि अमरावतीची गाडी धरली. खिडकीशी बसल्यावर आईला फोन केला. सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "पोटभर जेवली का?"

"जेवले."

"मंग झालं."

सुटी संपली. आयटीआयमध्ये सगळे माझ्याशी नेहमीपेक्षा गोड बोलायला लागले. फक्त जेवणाच्या सुटीत डबे दुसऱ्या खोलीत उघडायला लागले. शिपायाकडून कळलं, मी गेल्यावर खोली धुतली, गोमूत्र शिंपडलं, कढी ओतून दिली आणि पूजा पुन्हा केली. त्याला हे कोणी सांगितलं, विचारलं नाही.

शनिवारी प्रणिता माझ्या वर्कशॉपच्या दाराशी आली. बोर्डवरच्या वायरी मी पोरांकडून सोडवून घेत होते. पोरं जाईपर्यंत ती थांबली. म्हणाली, चाल, जाऊन येऊ गाडीवर. डोळे सुजलेले होते.

मी म्हटलं, "ज्या हातानं वरून पोळी टाकली तो हात माझ्या प्लेटीत घालू नको."

ती रडायला लागली. त्या घरात तिचं काही चालत नाही म्हणाली. सासूपुढे नवऱ्याचंही चालत नाही. ती बोलली असती तर तिलाच घराबाहेर काढलं असतं. हे सगळं खरं असेल. मला तिची कीवही आली. पण मला दुसरंच विचारायचं होतं.

"सगळे उठले तेव्हा तू माझ्याजवळ येऊन बसली असती तर?"

पदरानं डोळे पुसून ती गेली. मी बराच वेळ हातात टेस्टर धरून उभी होते. मला तिला हाक मारावीशी वाटली. मारली नाही. ती माझी एकच मैत्रीण होती आणि ती गेली, हे दुःख मी कोणाला सांगू? आमच्या माणसांना सांगितलं तर म्हणतात, बरं झालं. त्यांच्या माणसांना सांगितलं तर म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून.

दिवाळीआधी प्राचार्यांनी स्टाफचं स्नेहभोजन ठरवलं, बडनेरा रोडच्या हॉटेलात. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही यायलाच पाहिजे. झालं गेलं विसरा. हॉटेलात आपण सगळे एकाच टेबलावर बसतो. तिथं कुठं आलाय भेदभाव?"

मी म्हटलं, "हॉटेलात मले जागा तुमी देत नाई सर, हॉटेलवाला देते. तुमी तुमच्या घरी कधी बोलावता ते सांगा."

पंखा फिरत होता. प्रणितानं शिवणाच्या कापडाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. प्राचार्य हसले, घड्याळ पाहिलं, तासाला गेले.

स्नेहभोजनाला मी गेले नाही. त्या दुपारी बाजारात वेगळ्याच एका खानावळीत गेले. वाढणाऱ्यानं विचारलं, किती जण? मी म्हटलं, एक. कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. मी मधल्या टेबलावर बसले. चार खुर्च्यांचं टेबल. आजूबाजूला कुटुंबं जेवत होती, पोरांना भरवत होती, एकमेकांच्या ताटातलं उचलून घेत होती. मी वरण-भात, भाकर आणि ठेचा मागवला आणि शेवटच्या घासापर्यंत तिथंच बसून जेवले. घाई केली नाही.

आता मला कोणी सणाला बोलावलं तर मी आधीच विचारते. लग्न असो, बारसं असो, महालक्ष्मी असो. फोनवरच विचारते, मला कोणाच्या शेजारी बसवणार? तुम्ही माझ्या घरी येऊन माझ्या आईच्या हातचं खाणार का? बरेच जण हसण्यावारी नेतात. काही जण रागावतात, म्हणतात तुम्ही लोक कुठंही जात काढता. काही जण सांगतो म्हणतात आणि मग सांगत नाहीत. एकानंही अजून सरळ हो म्हटलेलं नाही. माझे सण एकटीचे आहेत आणि आणखी किती वर्षं तसेच जातील, ठाऊक नाही. संध्याकाळी खोलीत ताट वाढून घेतलं की सगळीकडे माझाच आवाज असतो, कधी कधी तो सहन होत नाही.

तरी मी विचारणं सोडणार नाही. शेजारी बसवाल तर येईन. नाही तर बोलावू नका.