तबकडीत न मावलेला ड्रम

आत्याची सही सहज मिळेल असं नाचघराच्या मॅनेजरला वाटलं, तिथेच तो चुकला. ओळखत नव्हता बिचारा तिला.

आत्या एकोणऐंशी वर्षांची. चाळीस वर्षं तिनं त्या नाचघरात ड्रम वाजवले. बाईमाणूस ड्रमवर बसते म्हणून लोक नाकं मुरडायचे, की ही आणखी जोरात वाजवायची. शिकली ती वडिलांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून. तिथं पहिल्यांदा जाझ वाजवणाऱ्या बँडचे ते ड्रमर. त्या बँडची एकच तबकडी उरली आहे.

आता नाचघराला शंभर वर्षं होणार, म्हणून मॅनेजरनं ती तबकडी एआयला ऐकवून नवी गाणी बनवून घेतली. ‘हुबेहूब तोच आवाज’ असं आत्यानं लिहून द्यायचं होतं. तो बँड लहानपणी प्रत्यक्ष ऐकलेली ती एकटीच शिल्लक आहे.

मी तिला स्टुडिओत घेऊन गेले. मॅनेजर आधीच येऊन बसला होता. रेकॉर्डिस्टनं गाणं लावलं. तुतारीसारखं कॉर्नेट, त्याच्या डोक्यावर नाचणारं क्लॅरिनेट, खाली घसरत जाणारा ट्रॉम्बोन, वर जुन्या तबकडीची खरखर. माझा पाय हलायला लागला. आत्याचं तोंड मात्र आंबलेलंच.

“माझे बाबा कुठायत?”

“आजी, ती टकटक ऐकू येतेय ना? लाकडी ठोकळा. तबकडीत आहे अगदी तसाच,” रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“आजी तुझ्या घरी. इथे मी ड्रमर. तबकडीत ठोकळाच असणार! तेव्हा माईक होते का? सगळे एका भोंग्यासमोर वाजवायचे, त्या आवाजानं सुई हलून मेणावर रेघ उमटायची. मोठा ड्रम वाजला की सुई उडायची. म्हणून बाबांच्या हातात ठोकळा दिला, तेवढ्यापुरता. नाचघरात ठोकळा वाजवला असता तर लोकांनी हाकलून दिलं असतं.”

रेकॉर्डिस्टनं ‘मोठा ड्रम’ असं टाइप केलं. शेजारच्या गाडीत कुणी गाणी लावावीत तशी धपधप आली. सात-आठदा बदलून पाहिलं. एकदा तर कॉर्नेटच गडप झालं.

“यंत्र तबकड्या ऐकूनच शिकलंय हो,” तो म्हणाला.

“म्हणजे त्यानं बँड ऐकलाच नाही.”

मॅनेजर कागद पुढे करत म्हणाला, “लोकांना कुठे कळणार आहे?”

“मला कळतंय. सही होणार नाही.”

आणि ती स्टुडिओतल्या ड्रमसेटकडे चालू लागली. कुरकुरत्या गुडघ्यांनी बसली, हेडफोन चढवले, तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं. पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर पायानं मोठा ड्रम, आणि मध्येच चौथ्यावर एक दणका. सगळा बँड त्या दणक्यावर पुढे झेपावला, मी खुर्चीतून उठलेच. मघाशी आजोबांशिवाय खुशाल पाय हलवत होते, याची मला लाज वाटली.

पडद्यावरच्या आवाजाच्या पट्ट्या लाल झाल्या. रेकॉर्डिस्टनं हात वर केला. “आत्या, जरा हळू. आवाज फुटतोय.”

आत्या थांबली. “बाबांना हेच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं, आणि शंभर वर्षं गायब झाले. मी नाही हळू वाजवणार. तू तुझा माईक लांब ने.”

रेकॉर्डिस्टनं एकदा मॅनेजरकडे पाहिलं. मग तो उठला आणि माईक उचलून थेट दाराशी नेऊन ठेवला.