हत्तीपुढचं प्यादं

दोब्रिवोये पांढऱ्या सोंगट्या घेऊन बसला की पहिली चाल ठरलेली. अगदी डाव्या कडेचं, हत्तीपुढचं प्यादं एक घर पुढे. मग हात मांडीवर ठेवून शांतपणे समोरच्याकडे बघत राहायचा.

किकिंदा गावातल्या आमच्या बुद्धिबळ क्लबात सगळे टर उडवायचे. "चाल केलीस की नुसतं प्यादं पुसलंस?"

तो कौलांच्या कारखान्यात भट्टीवर होता. कमी बोलायचा. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "मधली घरं धरायला धावलो की पुस्तकातला डाव सुरू होतो. समोरचा तो घोकून आलेला असतो. मी हे सरकवलं की त्याला स्वतःचं डोकं चालवावं लागतं. शिवाय पुढे त्याचा उंट माझ्या अंगणात येऊन बसत नाही."

"अरे, पण एक चाल फुकट जाते त्याचं काय?"

"फुकट कशी? मी काळ्यासारखाच खेळतो, फक्त एक चाल जास्त घेऊन."

डाव लांबायचा, समोरचा कंटाळायचा, चुकायचा. दोब्रिवोये हरायचाही, पण जिंकायचा जास्त.

मग लीगचा शेवटचा सामना आला. हरलो तर खालच्या गटात जाणार, आणि तसं झालं तर क्लबाची खोली काढून घेऊ, असं नगरपालिकेने आधीच बजावलं होतं. आमचा कप्तान ल्युबिशा जिन्यातच त्याला आडवा आला.

"आज तुझं ते प्यादं राहू दे बाबा. हात जोडतो. आज माणसासारखा खेळ."

"मला तेच जमतं, ल्युबिशा."

"पोरवयात राजापुढचं ढकलत होतास ना? तेच ढकल. आपल्या सगळ्यांची खोली घालवू नकोस."

दोब्रिवोयेने होकारार्थी मान हलवली आणि पटावर बसल्यावर राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं.

समोर सुबोटिकाच्या संघातली, फार्मसी शिकणारी मुलगी होती. ती घड्याळाकडे न बघता भराभर खेळत गेली. दोब्रिवोयेचे कान लाल झाले. त्याची कॉफी गार व्हायच्या आत त्याचा घोडा अडकला, मग वजीर. त्याने राजा आडवा केला, हात मिळवला. बाकीचे डाव बरोबरीत सुटले होते. सामना गेला.

मुलगी सोंगट्या मांडता मांडता म्हणाली, "काका, तुम्ही कडेचं प्यादं खेळता असं ऐकलं होतं. त्याला काय उत्तर द्यायचं ते कुठेच सापडेना. मी इतकी घाबरले होते! बरं झालं तुम्ही ते खेळला नाहीत."

ल्युबिशा मागेच उभा होता. तो कोट घेऊन निघून गेला.

खोली गेली. आता तिथे सट्ट्याचं दुकान आहे. ल्युबिशा परदेशात, ग्राझला, आपल्या मुलीकडे गेला, तो परत फिरकला नाही. पट आणि घड्याळं कुणाच्या तळघरात आहेत, कुणाला ठाऊक नाही.

मी रविवारी दोब्रिवोयेकडे माझा पट घेऊन जायचो. त्याची बायको वेरित्सा दारातच हळू आवाजात म्हणायची, "भावजी, तो पट बाहेरच ठेवा ना. दिसला की हे दिवसभर बोलत नाहीत."

तरी एकदा मी विचारलं, "दोब्री, एकच डाव. तुझ्या पद्धतीने."

"माझी पद्धत कसली?" तो म्हणाला. "बरोबर होती तर मी सोडली कशाला?"

हिवाळ्यात मी पट न्यायचं बंद केलं. अजून जातो. टीव्हीचा आवाज बंद असतो, वेरित्सा खसखस भरलेला गोड रोल कापून देते, आम्ही थंडीबद्दल बोलतो. मग मी घरी येतो.