गेरू लावलेले ठोकळे

बंडगर सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक लाकडी ठोकळा असायचा. जुळे सोलापुरातल्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. "बाई, किती तोंडं?"

"सहा."

त्यांनी टेबलावरचा दुसरा ठोकळा त्याला चिकटवून धरला. "आता?"

मी क्षणभर अडखळले. "दहा."

"हौदु!" सर खूश झाले की कानडीतून दाद देत. गाव अक्कलकोटच्या बाजूचं, घर मेंढपाळांचं, दोन्ही भाषा तोंडात.

जोडलेल्या ठोकळ्यांचं पृष्ठफळ काढताना मुलं हमखास एका जोडाला एकच बाजू वजा करतात. सर रागवत नसत. "चुकू द्या की. हात भरल्याबिगर पोराचं डोस्कं भरत न्हाय."

त्या वाक्यावरूनच मला सुचलं. ठोकळे कणकेच्या खळीनं चिकटवायचे, वाळले की बाहेरून गेरू फासायचा आणि मग ओढून सुटे करायचे. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडली, "मॅडम, दोन्हीकडं कोरं हाय!" एका जोडात दोन तोंडं लपतात, हे त्या वर्गाला पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. सर दारात उभे होते. म्हणाले, "इतकी वर्सं शिकवतोय, मला कसं सुचलं न्हाय ओ?"

पुढं दोन वर्षं दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही नवे आकार जुळवत बसायचो. ठोकळे सर घासायचे, गेरू मी लावायची. माझ्या वडिलांचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे माझे सगळे तास त्यांनी घेतले. आभार मानायला गेले तर म्हणाले, "घरचं माणूस आभार मानतंय व्हय?"

मग जिल्ह्याचं शिक्षक-प्रशिक्षण झालं. मी तिसऱ्या रांगेत होते. सरांनी पडद्यावर आमचे ठोकळे दाखवले. खाली लिहिलं होतं, 'संकल्पना व निर्मिती' आणि पुढं त्यांचं एकट्याचं नाव. फोटोत ठोकळे धरलेले हात मात्र माझे होते, हिरव्या बांगड्यांसकट. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय डोकं आहे हो तुमच्या सरांना!" मीही टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी सर जवळ आले. "गडबडीत तुमचं नाव घ्यायचं राहिलं की, बाई."

"असू द्या, सर," मी म्हणाले. राहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पुढं त्या उपक्रमाची पुस्तिका निघाली. तिच्यातही माझं नाव नव्हतं. तरी मी तेच सांगत राहिले. शनिवारी थांबणं मात्र बंद केलं. का, ते त्यांनी विचारलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात मला बोलायला लावलं. मी वडिलांच्या आजारपणातले ते तीन आठवडे सांगितले. सगळं खरं होतं. गेरूचा विषय काढला नाही.

नंतर शाल तशीच खांद्यावर घेऊन सर पार्किंगमध्ये आले. इकडंतिकडं पाहत हळूच म्हणाले, "तुमी ते ठोकळ्यांचं काढलं न्हाईत, लई बरं केलं. आज सांगताय काय, म्हणून सकाळधरनं भ्या वाटत हुतं."

म्हणजे नाव राहिलं नव्हतं. मुद्दाम बाहेर ठेवलं होतं.

"येते, सर," एवढंच म्हणून मी गाडी सुरू केली.

दर दिवाळीला त्यांचा फोन येतो. मी उचलते, तब्येत विचारते. ते पूर्वीसारखंच "बाई" म्हणतात आणि ऐकून मला बरं वाटतं. राग येतो तो त्याचाच.