कापलेला कोपरा

परसराम तुमसरच्या एका छापखान्यात जुळारी होता. जुळारी म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून ओळीत लावायचे, आणि छापून झालं की तेच खिळे पुसून परत आपापल्या खान्यात टाकायचे. आठ वर्षं त्यानं हेच केलं. राईस मिलच्या पावत्या, शाळांचे प्रगतिपत्रकाचे कागद, बैलांच्या शर्यतीची, म्हणजे शंकरपटाची हँडबिलं, आणि उन्हाळा लागला की लग्नाची कार्डं. काम इमानदारीचं होतं, पण चारचौघांत छाती फुगवून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. म्हणून १९७९ च्या जानेवारीत चिखल्याला मुलगी पाहायला गेल्यावर यादोरावांनी ‘पोरगा काय करते?’ असं विचारलं, तेव्हा सोबत आलेल्या आपल्या मामाला उत्तर द्यायची संधीही न देता परसराम बोलून गेला, ‘डिझाईन करतो.’

यादोराव मँगनीजच्या खाणीत कामाला. त्यांना डिझाईन म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण शब्द वजनदार वाटला आणि त्यांनी मान हलवली. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण त्यांची मुलगी पंचफुला दहावी पास, खाणीच्या वसाहतीत बालवाडी चालवणारी. तिनं चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, ‘कायची डिझाईन?’

‘कार्डाची,’ परसराम म्हणाला.

‘मंग आपलं कार्ड तुमीच बनवसान,’ ती म्हणाली आणि आत गेली.

‘आपलं’ या शब्दानं परसराम असा हरखला, की आपण काय कबूल केलं हे त्याला परतीच्या बसमध्ये बसल्यावर कळलं. लग्न ठरलं होतं, एप्रिलची तारीख निघाली होती, आणि नवरदेवाला डिझाईनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पंचफुला त्याला मनापासून आवडली होती. आपण थापाड्या निघालो हे तिला कार्डावरूनच कळणार, या विचारानं त्याची झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मालकांना गाठलं. वासुदेवराव हे मालकही होते आणि छापखान्यातली सगळी मांडणीही तेच करायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसले.

‘डिझाईन? तू? गेल्या हप्त्यात सरपंचाच्या नावातला “च” खाऊन टाकला तुनं!’

‘शिकवा ना मालक. जिंदगीचा सवाल आहे.’

‘तुह्या जिंदगीचा का तिच्या?’ असं म्हणून वासुदेवरावांनी रद्दीतला एक कागद ओढला.

पुढचे दोन महिने परसराम शिकला. आधी कागद पोस्टकार्डाएवढा कापायचा, कारण लग्नाचं कार्ड पोस्टकार्डावरच छापायचं होतं. चारही बाजूंनी पेन्सिलीनं रेघ मारून कोरी जागा सोडायची, कारण छपाईच्या ट्रेडल मशीनची बोटं कार्ड धरतात तिथं छापता येत नाही. तिकिटाच्या बाजूचा उजवा अर्धा भाग पत्त्याचा, त्याला हात लावायचा नाही. मग अक्षरं मोजायची, ओळी पाडायच्या, आणि हे सगळं कागदावर पक्कं झाल्याशिवाय खिळ्याला शिवायचं नाही. ‘अन् एक ध्यानात ठेव,’ वासुदेवराव म्हणाले, ‘कोरी जागा फुकट नाही मिळत. तिथंही शिसं भरा लागते, नाही तं जुळवलेला सारा फर्मा सांडते.’

परसरामनं ते ध्यानात ठेवलं आणि बाकीचं विसरला. त्याच्या पहिल्या नमुन्यात मजकूर इतका देखणा पसरला होता, की कार्ड कुणाला पाठवायचं हे लिहायला जागाच उरली नव्हती. दुसऱ्या नमुन्यात पुढची बाजू सुलटी आणि मागची उलटी आली. म्हणजे पाहुण्यानं आधी कार्ड वाचावं आणि मग मुलीचं नाव वाचायला शीर्षासन करावं. ‘कलाकारच आहे तू,’ वासुदेवराव म्हणाले. परसरामला त्यातला टोमणा कळला नाही. त्यानं ते घरी आईलाही सांगितलं.

मार्चमध्ये एक नमुना जमला. साधा, सरळ, वाचता येण्याजोगा. वासुदेवरावांनी तो पास केला आणि कागद आणायला चार दिवसांसाठी नागपूरला गेले.

खरं तर परसरामनं त्याच दिवशी कार्डं छापून टाकायला हवी होती. पण दोन महिने शिकलेल्या माणसाला साधं काही करवत नाही. पोस्टातून आणलेली दीडशे कोरी कार्डं समोर घेऊन तो बसला, आणि त्याला कोपरे खटकायला लागले. इतर लोकांच्या कार्डांना कोपऱ्यांवर हळदीकुंकू लागतं. परसरामच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला, तेव्हापासून ते बंद. ते बरोबरच होतं, पण कोपरे बिचारे उघडे दिसत होते. डिझाईनवाल्यानं याचं काही केलं नाही, तर मग डिझाईनवाला कशाचा? नागपूरच्या एका एजंटानं दिलेल्या नमुन्यांच्या वहीत त्यानं एक कार्ड पाहिलं होतं. त्याचा खालचा एक कोपरा तिरपा कापलेला, अगदी फॅशनेबल. ठरलं.

मग दुसरी कल्पना सुचली. कार्डाच्या माथ्यावर फक्त आपलं नाव, मोठ्या काळ्या टाईपात, आजूबाजूला भरपूर कोरी जागा. नावामागचं ‘आयु.’ तिथं अडचण करत होतं. आयु. म्हणजे आयुष्मान, ज्याला उदंड आयुष्य आहे तो. पण त्या एका आखूड शब्दामुळे नाव मधोमध बसेना, एका अंगाला कलायला लागलं. परसरामनं बराच वेळ विचार केला आणि डिझाईनसाठी आयुष्मान काढून टाकला. लग्न, तारीख, वार वगैरे किरकोळ गोष्टी खाली बारीक टाईपात गेल्या.

ट्रेडल चालवणाऱ्या सेवकरामनं छापलेली कार्डं कटिंग मशीनखाली जाताना पाहिली.

‘भाऊ, कोपरा काहून कापून राहिला?’

‘फॅशन आहे.’

‘नाही, पण कोपरा...’

‘तुले नाही समजन, सेवक. हे नजरेचं काम आहे.’

सेवकराम गप्प बसला. लहान तोंडी मोठा घास नको म्हणून गप्प बसला, असं तो नंतर सांगायचा. परसरामच्या मते मात्र तो गंमत पाहायला गप्प बसला होता.

आता कुणी म्हणेल, परसरामला इतकंही कळू नये? कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर, हे त्या मुलखात शाळेत न गेलेली पोरंसुद्धा जाणत. असं कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाहेरच्या बाहेर वाचायचं, फाडून फेकायचं आणि आंघोळ करून घरात यायचं. परसरामही हे जाणत होता. पण त्यानं मयताची जेवढी कार्डं जुळवली, ती सगळी छापखान्यातून चार धड कोपऱ्यांनिशी बाहेर पडली. कोपरा फाडायचे ते घरचे लोक, पोस्टात टाकण्याच्या आधी. आणि आलेलं कार्ड कुणी घरात ठेवत नसल्यानं फाटका कोपरा नजरेसमोर राहायचाच नाही. आठ वर्षं तो मरणाचीही कार्डं छापत होता, पण मरणाचं कार्ड त्यानं नीट पाहिलं नव्हतं. असं तो पुढं सांगायचा, आणि लगेच म्हणायचा, ‘नाही तं खरं कारण येकच. मी बेअक्कल होतो.’

पहिलं कार्ड त्यानं मोठ्या प्रेमानं चिखल्याला पाठवलं. एक जवळ ठेवून बाकीची त्याच दुपारी पेटीत टाकली.

चौथ्या दिवशी रविवार होता. परसरामची आई बायजाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. इतक्यात रस्त्यावर मँगनीजचा ट्रक थांबला. त्यातून यादोराव उतरले, त्यांची म्हातारी आई जनाबाई उतरली, वसाहतीतले दोघे जण उतरले, आणि शेवटी पंचफुला. जनाबाईनं अंगणात पाय ठेवताच हंबरडा फोडला. होणारे सोयरे असे रडत आलेले पाहून बायजाबाईला वाटलं, यांच्या घरचं कुणी गेलं. तिनं सूप टाकलं, जनाबाईच्या गळ्यात पडली आणि तीही रडायला लागली. दोन्ही म्हाताऱ्या एकमेकींच्या घरच्या मेलेल्यासाठी रडत होत्या, आणि मेलेला मोरीत अंगाला साबण लावत होता.

आवाज ऐकून परसराम कमरेला टॉवेल गुंडाळून, तोंडावरच्या फेसासकट बाहेर धावला.

‘काय झालं? कोन गेलं?’

जनाबाईनं वर पाहिलं. ‘तू गेला ना, बापा!’ ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

मग उलगडा झाला. चिखल्याच्या पोस्टमननं कार्ड अंगणातूनच पुढं केलं होतं. जनाबाईला वाचता येत नाही, पण कोपरा दिसत होता. शेजाऱ्यानं वाचायला घेतलं. पहिला शब्द ‘परसराम’, तोही इतका मोठा आणि एकटा, की पुढचं वाचायचं कुणाला सुचलंच नाही. जनाबाईनं कार्ड हिसकून त्याचे तुकडे केले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. पंचफुला बालवाडीतून घरी आली तेव्हा कार्डाचे तुकडे नालीतून वाहून गेले होते. तिला फक्त रडणं ऐकायला मिळालं.

परसरामनं उरलेलं एक कार्ड आणून यादोरावांपुढं धरलं. यादोरावांनी ते दूर धरून पूर्ण वाचलं. मग खालची बारीक ओळ बोटानं दाखवून म्हणाले, ‘हे लग्नाचं आहे म्हणता?’

‘हो, मामाजी.’

‘अन् नावामागचा आयुष्मान?’

‘तो बसत नव्हता,’ परसराम म्हणाला.

यादोराव रागानं लाल झाले होते. आपली पोर दोन दिवस अन्नाला शिवली नाही आणि हा माणूस म्हणतो आयुष्मान बसत नव्हता! परसरामला ते दिसत होतं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, असं त्याला वाटलं, आणि एवढ्या वर्षांत तो एकदाच सरळ बोलला. ‘मी खोटं बोललो होतो, मामाजी. मी डिझाईन नाही करत. मी खिळे लावतो, खिळे सोडवतो. तुमच्यासमोर मोठं दिसावं म्हनून बोललो.’

‘ते दिसूनच राहिलं,’ यादोराव म्हणाले.

‘यादोराव,’ सोबत आलेल्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, ‘आपन काही शकुन-अपशकुन मानत नाही, ते ठीक. पन ज्याच्या मयताले निघालो त्याच्याच लग्नाले जाचं म्हंजे... मनाले नाही लागत. अन् वरून पोरगा खोटा बोलला. इचार करा.’

जनाबाईनं डोळे पुसत मान डोलावली. बायजाबाई सांडलेले तांदूळ सुपात भरायला लागली. परसराम टॉवेल सावरत उभा होता. साबण त्याच्या डोळ्यांत गेला होता, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते सगळंच काही साबणाचं नव्हतं.

यादोराव मुलीकडे वळले. ‘तुले काय वाटते, पंचफुला? तू म्हनसीन तसं करू.’

पंचफुलानं वडिलांच्या हातातलं कार्ड घेतलं आणि माथ्यापासून खालपर्यंत वाचलं. परसरामकडे तिनं पाहिलं नाही. ती वडिलांनाच म्हणाली, ‘बाबा, ज्याच्या मरनासाठी मी दोन दिवस रडली, त्याले सोडून आता कोनाशी लगीन करू?’

लग्न ठरल्या तारखेला झालं. वासुदेवरावांनी नागपूरहून आल्यावर आधी कपाळावर हात मारला, मग स्वतःच्या हातानं नवी कार्डं जुळवली. तरी निम्मे पाहुणे आले नाहीत, कारण त्यांच्या लेखी परसराम वारला होता आणि त्याच्या नावानं त्यांची आंघोळही झाली होती. लाखनीची देवकाबाई आत्या आली, ती मांडवात त्याला दोनदा चिमटा काढून गेली.

परसराम ही सगळी गोष्ट अजून सांगतो. मोरीतून धावत आलेला स्वतः, रडणाऱ्या दोन म्हाताऱ्या, आयुष्मान शोधणारे यादोराव, सगळ्यांच्या नकला करतो आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसतो. पंचफुलाच्या त्या वाक्यापाशी आला, की मात्र त्याला नक्कल जमत नाही. ते तो साध्या आवाजात सांगतो.