शोभाताईंचे गप्पी

समोरच्या फ्लॅटमधल्या शोभाताईंनी आणि मी एकाच दिवशी, एकाच दुकानातून गप्पी मासे आणले. मी घरी येताच पिशवी नळाच्या ताज्या पाण्यात रिकामी केली आणि कौतुकाने दिवसभर खाणं टाकत राहिले. चौथ्या दिवशी एकही मासा उरला नाही. शोभाताईंनी पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवलं होतं, पिशवी आधी तशीच त्यात तरंगू दिली होती. महिन्याभरात त्यांच्याकडे पिल्लं झाली.

"बघायला या ना," त्या म्हणाल्या. जिऱ्याएवढी पिल्लं टाकीतल्या झुडपाआड लपत होती. मी "किती गोड" म्हटलं, पण पोटात दुखलंच. कुणाचं सोनंनाणं मला कधी खुपलं नव्हतं, आणि ही इवलीशी वळवळ खुपली.

मग त्या तीन दिवस लेकीकडे गेल्या, किल्ली माझ्याकडे देऊन. "दिवसातून एकदाच घाला, अगदी चिमूटभर. जास्त झालं तर मरतात." पहिल्याच सकाळी मी खाण्याची डबी तळहातावर उपडी केली. कुणाला कळलंही नसतं. मासे तोंडं उघडून वर आले. त्यांना मी शोभाताईच वाटले असेन. बराच वेळ मी मूठ मिटून उभी राहिले. मग चिमूटभर टाकलं आणि उरलेलं डबीत भरलं.

परत आल्यावर शोभाताई म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून निर्धास्त होते. यातली चार पिल्लं घेऊन जा."

"इतक्यात नको," मी म्हणाले. माझ्या हाताचा मलाच अजून भरवसा नव्हता.