त्यानं लिहून दिलेलं त्रिसरण

आमच्या तांड्यावरून कॉलेज पास झालेला मी पहिला. पुसदला संस्कृत घेऊन बी.ए. केलं, वर कर्मकांडाची पदविका. फौजेत धर्मगुरू म्हणून लागलो तेव्हा गावातले काही जण हसले, "तांड्यावरचा पंडित!" हसू दे म्हटलं. नोकरी मला मिळाली होती.

धर्मगुरूचं काम म्हणजे नुसती पूजा, असं लोकांना वाटतं. हिमालयातल्या एका बर्फाळ चौकीवर नेमणूक होती; तिथं सकाळी आरती झाली की मी आजारी जवानांच्या तंबूत जाऊन बसायचो. कुणाची बायको फोन उचलत नाही, कुणाच्या आईचं ऑपरेशन आहे. साहेबांना सांगता येत नाही ते मला सांगायचे. रविवारी सगळ्यांची मंदिर परेड, प्रसादाला शेंगदाणे नि खडीसाखर.

परेडला शेवटच्या रांगेत राजूरचा एक जवान, हुद्द्यानं नायक, उभा राहायचा. बौद्ध घरातला. माझ्याच जिल्ह्याचा, म्हणून आमचं बोलणं गावच्या बोलीत.

"जय भीम, पंडितजी!" तो मुद्दाम म्हणायचा.

"राम राम," मीही मुद्दामच.

"हुकूम हाय म्हणून हात जोडतो. मनात मात्र आपलंच म्हणतो बरं!"

"म्हण ना बाबा. मी काय तुह्या मनात डोकावून राह्यलो?"

एकदा मात्र तो हसला नाही. वहीचं एक पान माझ्या हातात दिलं, त्यावर त्रिसरण-पंचशील लिहिलेलं. "इथं आमचं म्हणणारं कोणी नाही. मले काही झालं तर हे म्हणजा. तुमी शिकलेले माणूस, तुमाले काय जड हाय?"

"पाठ करतो," म्हणालो आणि पान खिशात ठेवलं. पाठ केलं नाही.

पुढं थंडीत त्याच्या फुफ्फुसात पाणी झालं. एवढ्या उंचीवर होतं तसं कधीकधी. हवा खराब, हेलिकॉप्टर येईना. मी त्याचा हात धरून बसलो होतो. श्वास तुटायला लागला तसा माझा दुसरा हात पूजेच्या झोळीत गेला. गंगाजलाचे थेंब त्याच्या ओठांत सोडले, तुळशीचं वाळकं पान ठेवलं, आणि जिभेवर आले ते माझे श्लोक म्हणत राहिलो. इतक्या वर्षांची सवय. खिशातला कागद आठवला तेव्हा डॉक्टर घड्याळ पाहत होते.

बोली येते म्हणून शवपेटीबरोबर मलाच पाठवलं. नागपूरहून गाडीनं वणी, तिथून राजूर. सगळी वाट माझा हात खिशावर. कोणी विचारूच नये, असंही मनात आलं. खोटं कशाला सांगू?

अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, भंतेजीही आलेले. त्याचे वडील कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. पेटी खाली ठेवल्यावर ते माझ्याजवळ आले.

"तुमीच ते पंडितजी? पोरगा फोनवर सांगे. त्यानं कागद देलता तुमाले."

"हो बाबा."

"मंग म्हटलं ना त्याच्यापाशी?"

'हो' म्हणणं सोपं होतं. त्या तंबूत तिसरा माणूस फक्त डॉक्टर, तो केरळचा. म्हातारा जन्मभर निवांत राहिला असता. त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं लागले होते.

"नाही बाबा. माझंच म्हटलं. गंगाजल बी टाकलं तोंडात."

त्यांनी पेटीवर हात ठेवला. मग म्हणाले, "माह्या बापानं घरातले देव नदीत सोडले. तवापासून या घरातल्या कोणाच्या तोंडात ते पाणी गेलं नाही." आणि अगदी हळू, "तुमाले वाचता येते ना?"

"येते."

"मंग काहून नाही वाचलं?"

तांड्यावरचा पहिला बी.ए. मी.

कागद काढून दिला. त्यांनी लेकाच्या अक्षरावरून बोट फिरवलं, घडी केली आणि आपल्या खिशात ठेवला. "आता भंतेजी म्हणतील. तुमी मागं उभे राहा."

मी शेवटच्या रांगेत जाऊन हात जोडले. सगळं अंगण एका आवाजात म्हणत होतं आणि मला एकही ओळ येत नव्हती. माझे श्लोक मात्र जिभेवर येत होते. ते मी दातांखाली दाबून धरले.